कुंभारणीचं पान

बाईंचा आणि त्यांच्या भावजयीचा एकमेकींशी विस्तव जात नव्हता, हे त्या गल्लीत दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या मजल्यावर बाई एकट्या. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी. मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना, आणि त्या जिन्यावरून गेल्या तीन वर्षांत वाटीभर साखरसुद्धा वरखाली झाली नव्हती.

बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. म्हणजे होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. भाजीवाल्याने पावशेराऐवजी थोडं कमी घातलं तर बाई त्याला अशा काही नजरेने बघायच्या की तो बिचारा अंगठे धरून उभा राहायचाच बाकी असायचा. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव. चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची अकरा त्या खुर्चीवर. लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा भाऊ सहा वर्षांचा होता आणि बाई एकोणीसच्या. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला फ्रिज दुरुस्तीचं काम शिकायला पाठवण्यापर्यंत सगळं बाईंनी केलं. आणि एवढं करून काय, तर आता तो भाऊ बायको म्हणेल ती पूर्व दिशा मानतो. बाईंना ह्याचा राग यायचा, आणि राग येतो हे त्या कुणापासून लपवत नसत.

भावजय शिलाई करायची. तिचं मशीन बरोब्बर बाईंच्या पलंगावरच्या छतावर. सकाळी आठला जे खडखडायला लागायचं ते जेवणापर्यंत. आणि शिवायची काय? शाळेचे गणवेश. बाईंच्याच शाळेचे.

"दुनियेच्या पोरांना गणवेश घालते," बाई चार बायकांत म्हणायच्या, "आणि पोटच्या पोरीला शाळेचं फाटक दाखवत नाही. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा."

चार बायका काही म्हणायच्या नाहीत. त्यांना दोन्हीकडे काम पडायचं.

भांडणाचं मूळ सांगायचं तर एक पान. झाडाचं पान, अगदी बोटभर लांब. मुलगी दुसरीत असताना वर्गात सांगितलं, पान काढा आणि रंगवा. हिने लाल रंगवलं. वर्गशिक्षिका म्हणाली, पान हिरवं असतं. ही म्हणाली, फाटकाजवळच्या बदामाचं लाल आहे, चला दाखवते. झालं, उलट बोलते म्हणून तिला वर्गाबाहेर बसवलं. प्रकरण मुख्याध्यापिकेच्या खोलीत आलं. मुख्याध्यापिका कोण, तर सख्खी आत्या. आत्याने खिडकीतून बाहेर बघितलंसुद्धा नाही. बदाम तिथून स्वच्छ दिसत होता. "शिस्त म्हणजे शिस्त," म्हणाल्या, आणि मुलगी आणखी दोन दिवस बाहेर बसली. तिसऱ्या दिवशी भावजय आली, पोरीचं दप्तर उचललं, हात धरला आणि निघून गेली. एक शब्द बोलली नाही. बाईंना तिने चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण ते न बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं.

तेव्हापासून मुलीची शाळा घरातच. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत असं करणारी सहा कुटुंबं होती. सकाळी प्रार्थना, मग गणित, भाषा, शास्त्रवाचन, आणि गुरुवारचा सगळा दिवस निसर्गाचा. पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की परमेश्वराने जे केलं ते नीट डोळे उघडून पाहणं हीसुद्धा उपासनाच. त्यामुळे गुरुवारी ही सहा घरची पोरं कुठेतरी उकिडवी बसलेली दिसायची. सुतळीचा एक फेर जमिनीवर टाकायचा आणि त्या फेराच्या आत काय काय आहे ते तासभर बघायचं. वर्षभर एकाच झाडाकडे दर पंधरवड्याला जायचं. डोळे मिटून बसायचं आणि किती आवाज ऐकू येतात ते बोटांवर मोजायचं. मग आपापल्या वहीत चित्र काढायचं आणि खाली लिहायचं.

त्या वहीचे नियम मात्र कडक. पाहिलं तेवढंच लिहायचं. ऐकलेलं, वाचलेलं, वाटलेलं नाही. खोडरबर वापरायचं नाही. आणि प्रत्येक पानाखाली दोन सह्या हव्यात, एक मुलाची आणि एक अशा माणसाची, ज्याने तेच तिथेच पाहिलं. दोन साक्षीदार असले तरच गोष्ट पक्की धरावी, हा शास्त्रातला दंडक पाळकसाहेबांनी सरळ आणून त्या वह्यांना लावला होता. साक्षीदार कुणीही चालायचा. भिंगरीच्या वहीत तर पोस्टमनच्यासुद्धा दोन सह्या होत्या, एक सरड्याखाली आणि एक गोगलगायीखाली.

भिंगरी म्हणजे तीच मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून बापाने ठेवलेलं नाव.

"किडेमुंग्यांना साक्षीदार लागतात होय?" बाई उपासनेनंतर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. "उद्या वकीलही लावा."

आता ह्या सहा कुटुंबांना दरवर्षी एक दिव्य करावं लागायचं. बाहेरच्या एका जाणत्या निवृत्त शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या वह्या तपासायच्या, चार प्रश्न विचारायचे आणि शिक्षण कचेरीसाठी आपलं मत लेखी द्यायचं. मत बरं असलं तर आणखी वर्षभर घरी. वाईट असलं तर नव्या वर्षी मूल शाळेत, मग आईबाप काहीही म्हणोत. आजवर एक म्हातारे मास्तर हे काम करायचे. यंदा त्यांचे डोळे गेले. मंडळीत दुसरं निवृत्त शिक्षक माणूस होतं एकच, आणि ते पहिल्या बाकावर बसायचं.

पाळकसाहेब स्वतः विचारायला आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पटकन हो म्हणाल्या. इतक्या पटकन, की पाळकसाहेबांनाच अवघडल्यासारखं झालं.

"तुमची भाची त्यात आहे," ते म्हणाले. "काही अडचण?"

"अडचण कसली? मी शाळेत सख्ख्या भावालाही छडी दिलीय."

बाईंच्या मनात काय होतं ते उघडच होतं. पोरगी शाळेत गेली पाहिजे. वाईटावर होत्या असं म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. त्यांना खरंच वाटायचं की चार भिंती, घंटा आणि फळा ह्यांच्याशिवाय पोर वाया जातं. पण त्याहून खरं कारण दुसरं होतं. मुख्याध्यापिकेची सख्खी भाची मुख्याध्यापिकेच्या शाळेत जात नाही, ही गोष्ट त्यांना रोज सकाळी शाळेची घंटा झाली की नव्याने टोचायची. आता देवानेच त्यांच्या हातात लेखणी दिली होती. भावजयीला खडे चारायची संधी अशी चालून येत नाही.

तपासणीला तीन आठवडे होते आणि नेमकं त्याच वेळी कुंभारणीने बाईंच्या खिडकीवर घर बांधायला काढलं.

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, मातीचा गडू करते ती. खिडकीच्या चौकटीला आतल्या बाजूने तिने चिखलाच्या गोळ्या लावायला सुरुवात केली. बाईंनी झाडू उचलला होता. तेवढ्यात दारात भिंगरी. ती अंगणातून माशीच्या मागे मागे आली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने त्या खोलीचा उंबरा ओलांडला.

"आत्या, मारू नकोस. मी रोज येऊन बघू?"

बाईंनी झाडू खाली ठेवला. का ठेवला? एक तर पोरगी आली होती, आणि ती आली ह्याचं त्यांना बरं वाटलं, कुणी काही म्हणो. दुसरं म्हणजे कुंभारीण हा बाईंचा हातखंडा धडा होता. बत्तीस वर्षं दर साली चौथीला त्यांनी तो रंगीत खडूंनी फळ्यावर शिकवला होता. दयाळू कुंभारीण अनाथ अळी शोधते, उचलून घरी आणते, तिच्यासाठी मातीचं घर बांधते, दार लावून घेते आणि परक्याच्या लेकराला आपलं म्हणून वाढवते. स्नेहसंमेलनात त्याचं नाटुकलं व्हायचं. शेवटी बाई मुलांना म्हणायच्या, जन्म दिला म्हणजेच आई होते असं नाही. हे म्हणताना त्यांचा आवाज दरवर्षी थोडा हलायचा. कारण काय ते बाईंना माहीत होतं.

तर भिंगरी रोज यायची. स्टुलावर बसायची आणि तासन्‌तास हलायची नाही. बाई तिला भिंगरी म्हणणाऱ्या बापाला मनात हसायच्या. गडू तयार झाला. माशीने एकेक करून हिरव्या अळ्या आणल्या. भिंगरीने मोजल्या, पाच. मग माशीने तोंड लिंपलं आणि गेली ती परत आली नाही.

"आता आत काय चाललं असेल?" भिंगरीने विचारलं.

बाईंनी धडा सांगितला. सगळा, पहिल्यापासून, हातवाऱ्यांसकट. नुसता खडूच काय तो हातात नव्हता. पोरीने तो नीट ऐकून घेतला.

"तू पाहिलंस?"

"अगं, पुस्तकात आहे. मी बत्तीस वर्षं शिकवलंय."

"म्हणजे पाहिलं नाहीस."

हे पोरगी काही उद्धटपणे बोलली नाही. वहीत लिहायचं की नाही एवढंच तिला ठरवायचं होतं. पण बाईंना ते गालात मारल्यासारखं लागलं. हाच तो सूर, लाल पानाच्या वेळचा. गडूचं तोंड लिंपल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी पत्रं फोडायची सुरी काढली.

"ये इकडे. तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मग बोल."

सुरीचं टोक घालून त्यांनी गडूचं टोपण उचकटलं. दोघी वाकल्या. बाईंच्या नाकावर चष्मा होता, पोरीच्या हातात भिंग.

आत एक पांढुरकी, बिनपायाची, लठ्ठ अळी होती आणि ती हिरव्या अळीला खात होती. अर्धी संपली होती. बाजूला दोन चिपाडं पडली होती, नुसती कातडी. उरलेल्या दोन हिरव्या अळ्या अखंड होत्या. भिंगरीने पेन्सिलीच्या टोकाने त्यातल्या एकीला हलकंच शिवलं. ती वळवळली. पळाली मात्र नाही. तिला पळता येत नव्हतं.

"जिवंत आहेत," भिंगरी म्हणाली. "ह्या ताज्या राहाव्यात म्हणून ठेवल्यात. हे पांढरं तिचं बाळ आहे."

बाईंनी सुरी खाली ठेवली. बत्तीस वर्षं, वर्गात पन्नास पन्नास पोरं, आणि ती शेवटची ओळ.

भिंगरीने स्टुलावर बसून चित्र काढलं. गडू, उघडलेलं टोपण, पांढरी अळी, अर्धी हिरवी, दोन पूर्ण, दोन कातडी. खाली लिहिलं, पाच आत गेल्या होत्या. दोन जिवंत आहेत, एक अर्धी आहे, दोघींची कातडी आहेत. आपली सही केली आणि वही बाईंपुढे धरली.

"आत्या, साक्षीदार म्हणून."

"माझं पेन कुठे गेलं बघ," बाई म्हणाल्या. "नंतर करते. जा आता, आई हाक मारतेय."

आई हाक मारत नव्हती, वर मशीन चालू होतं. आणि पेन बाईंच्या हातात होतं. भिंगरीने पेनाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि वही मिटून गेली.

तपासणी शनिवारी दुपारी, प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत. घडीच्या खुर्च्या, एक लांब टेबल, भिंतीवर पोरांनी वाळवून चिकटवलेली पानं. सहा घरचे आईबाप आले होते आणि अकरा पोरं. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि लाल पेन घेऊन बसल्या. पाच घरच्या वह्या त्यांनी पटापट काढल्या. इथे वेलांटी, तिथे समास, बाकी ठीक. त्या ठीक म्हणाल्या की एकेका आईचा जीव भांड्यात पडायचा.

मग भिंगरी. गणित विचारलं, आलं. कविता म्हणायला लावली, म्हटली. बाईंनी निसर्गवही ओढली आणि सावकाश उलटायला लागल्या. त्यांना कुठे थांबायचंय हे माहीतच होतं.

"हे पान," बाई म्हणाल्या. "ह्याच्यावर एकच सही आहे. तुमचाच नियम ना, पाळकसाहेब? साक्षीदार नाही. आणि लिहिलंय काय, तर जिवंत अळ्यांना खाणं. असलं भलतंसलतं पोरांच्या डोक्यात येतं कुठून?"

बाईंचा हिशेब असा होता की पोरगी खाली मान घालेल, पान बाद होईल आणि एका बाद पानावर पुढचं सगळं रचता येईल. एवढंच. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

"साक्षीदार आहे," भिंगरी म्हणाली. "आत्याने पाहिलंय. आत्यानेच उघडलं."

खोलीतल्या सगळ्या माना बाईंकडे वळल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भावजयसुद्धा बघत होती, मांडीवर हात ठेवून, तशीच न बोलता.

"बाई?" पाळकसाहेबांनी विचारलं.

हो म्हणायला किती लागतं? एक अक्षर. पण त्या खोलीत बसलेल्या आयांपैकी तीन जणी बाईंच्या विद्यार्थिनी होत्या. त्यातली एक तर चौथीत कुंभारीण झाली होती, पाठीला कागदाचे पंख लावून. आणि समोर भावजय. बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"मी काही पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

कुंभारीण झालेली ती आई शेजारणीला हळूच म्हणाली, "एवढीशी पोर, पण खोटं कसं बोलते बघ." पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. चूक चालते, घाण अक्षर चालतं, पण दुसऱ्याच्या नावावर खोटी साक्ष, ह्यापुढे त्यांच्या लेखी दुसरं पाप नव्हतं. "मग ही वही धरता येणार नाही," ते म्हणाले. "बाकीचं मत बाईंनी सोमवारी लिहून द्यावं." भिंगरी रडली नाही. ती बाईंकडे बघत होती. गडूकडे बघायची तशीच, न हलता.

जिन्याशी भावजयीने बाईंना गाठलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"वन्सं, तुम्हाला माझा राग आहे, माझ्यावर काढा. मी तुमच्या डोक्यावर रोज खडखड करते, मला शिव्या द्या. ती दहा वर्षांची आहे."

"पोरीला खरं बोलायला शिकवलं असतंस तर ही वेळ आली नसती."

"तेच तर शिकवलंय," भावजय म्हणाली आणि वर गेली.

बाईंनी दार लावून घेतलं. जिंकल्या होत्या. सोमवारी दोन ओळी लिहायच्या, की पोरगी गणवेशात. तो गणवेशही तिच्या आईलाच शिवावा लागणार होता. ह्या विचाराने बाईंना हसू यायला हवं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी भात केला आणि तसाच झाकून ठेवला. फुटका गडू अजून खिडकीला होता. तिकडे पाठ करून त्या बसल्या.

रविवारी उपासनेनंतर भाऊ पोरीचा दंड धरून खाली आला. कामाचेच कपडे अंगात, नखांत काळं. बहिणीसमोर उभा राहिला की तो अजूनही सहा वर्षांचा व्हायचा.

"ताई, ही माफी मागायला आलीय. म्हण गं. मी खोटं बोलले म्हण."

"ते मी नाही म्हणणार," भिंगरी म्हणाली.

"म्हण म्हणतो ना!"

"मी खोटं बोलले असं म्हटलं, तर ते खोटं होईल."

भावाने हात उगारला. पोरीच्या अंगाला त्याने आजवर बोट लावलं नव्हतं. पण ताईपुढे मान खाली जाते म्हटल्यावर त्याला दुसरं सुचेना. बाईंनी तो हात वरच्यावर धरला. हाच हात धरून त्यांनी लहानपणी त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती.

"तू वर जा," त्या म्हणाल्या. "मी बघते हिचं."

तो सुटल्यासारखा गेला. भिंगरी उभीच. तिच्या काखेत वही होती.

"आता ती कशाला आणलीस? ती तर बाद झाली."

"एक पान नवं आहे. त्याला सही पाहिजे."

तिने वही टेबलावर उघडली. पानावर बाईंचं चित्र होतं. टेबलामागे बसलेल्या, इस्त्रीची साडी, हातात चष्मा. नाक जरा मोठं आलं होतं, पण खोटं नव्हतं. वर मथळा, आत्या. खाली भिंगरीच्या गोल अक्षरात चार ओळी. शनिवार, दुपार, मागची खोली. आत्याला विचारलं. आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. आत्या म्हणाली, मी काही पाहिलं नाही. पुसल्यावर चष्मा डोळ्यांना लावला नाही, हातात धरून ठेवला.

बाईंनी दोनदा वाचलं. त्या एक शब्द शोधत होत्या. तो सापडला असता तर त्यांनी लाल पेनाने त्याच्याखाली रेघ ओढली असती आणि पोरीला बाहेर काढलं असतं. पण खोटं हा शब्द त्या पानावर कुठे नव्हताच. मोठ्या माणसाला नावं ठेवलीत म्हणावं, तर तेही नव्हतं. पाहिलं तेवढंच लिहिलं होतं. चौतीस वर्षांत त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने इतकं स्वच्छ काही लिहून दिलं नव्हतं, आणि हे त्यांना कळलं. लाज वाटली. अशी लाज त्यांना शाळेत बाई झाल्यापासून वाटली नव्हती.

"आईची सही आहे की खाली," त्या म्हणाल्या. "दोन झाल्या. माझी कशाला?"

"आई म्हणाली, मी बाहेरून पाहिलंय तेवढ्याचीच सही करते. आतलं वन्संना माहीत."

वर मशीन बंद होतं. रविवार होता.

बाई खुर्चीवर बसल्या. पेन शोधायचं नाटक ह्या वेळी केलं नाही. चार ओळींखाली त्यांनी पाचवी लिहिली. फळ्यावर लिहायच्या तशी, सरळ, टपोरी. आत्याने पाहिलं होतं.

भिंगरीने वाचलं. खूश झाली नाही, जवळ आली नाही.

"असं नसतं लिहायचं," ती म्हणाली. "काय पाहिलं ते लिहायचं असतं."

मग बाईंनी ते लिहिलं. गडू मी सुरीने उघडला. आत पांढरी अळी एक. ती हिरव्या अळीला खात होती. अखंड हिरव्या दोन, शिवल्यावर हलल्या. कातडी दोन. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. लिहिता लिहिता हात थांबला. पुढची ओळ त्यांना कुणी मागितली नव्हती. तरी त्यांनी ती लिहिली. मी बत्तीस वर्षं मुलांना ह्याच्या उलट शिकवलं, न पाहता.

सही केली आणि वही पोरीकडे सरकवली. ती वही गुरुवारी मंडळीच्या पोरांसमोर वाचली जाणार हे बाईंना माहीत होतं. त्यांच्या आयांसमोरही.

भिंगरीने बोट ठेवून एकेक ओळ तपासली. खात होती, बरोबर. दोन, बरोबर. चष्मा, बरोबर. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हे मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "ह्याला दुसरा साक्षीदार कोण?"

"आहेत," बाई म्हणाल्या. "घरोघर आहेत. तू विचार कुणालाही."